रेशो ३८ च्या आत आला म्हणजे धोका संपला असं नाही
वर ताईंनी विचारलंय की बहिणीला प्रेग्नन्सीचा २९ वा आठवडा चालू आहे, बीपी वाढलंय, पण प्रीएक्लॅम्प्सियासाठी (प्रेग्नन्सीत बीपी चढून लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार) केलेल्या रक्ततपासणीत एसएफएलटी-१/पीएलजीएफ रेशो, म्हणजे या दोन प्रोटीनचं प्रमाण, ३८ च्या आत आला, मग टेन्शन गेलं का. ताई, पूर्ण नाही गेलं, पण जीव थोडा भांड्यात पडायला हरकत नाही.

वारेचं काम बिघडायला लागलं की एसएफएलटी-१ हे प्रोटीन आईच्या रक्तात वाढतं आणि ते पीएलजीएफ या रक्तवाहिन्यांना लागणाऱ्या प्रोटीनला धरून ठेवतं, मग रक्तवाहिन्यांना त्रास होतो, बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, म्हणून दोघांचं प्रमाण बघतात. २०१६ च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात प्रीएक्लॅम्प्सियाचा संशय असलेल्या बायकांमध्ये ३८ किंवा कमी आलं तर पुढचा एक आठवडा तो होणार नाही, हे ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघालं. पण एकच आठवडा हं, अख्खी प्रेग्नन्सी नाही! आणि ३८ च्या वर आलेल्यांपैकी चार आठवड्यांत साधारण ३७ टक्क्यांनाच झाला, त्यामुळे वर आला की लगेच सिझर असंही नसतं.

गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका, आणि डोकं जाम दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं तर रिपोर्ट कितीही चांगला असू दे, मध्यरात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.