एप्रनवरचा लाल दिवा

कुणीतरी लिहिलंय की विमानतळावर नोकरीला लागणाऱ्या नवीन माणसाने आधी विमानतळांचे कोड आणि चेक-इनची सिस्टीम पाठ करावी, बाकी सगळं कामावर आपोआप येतं. काउंटरवर बसणार असाल तर ठीक आहे. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, जाणार असाल तर त्या 'आपोआप'वर फार विसंबू नका. पहिल्याच आठवड्यात विमान थांबलेलं दिसलं म्हणून मी पुढे निघालो, तर सुपरवायझरने मागून जॅकेट धरून ओढलं. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. तो चालू आहे म्हणजे इंजिन चालू आहे असंच धरायचं. दिवा विझून चाकांना चॉक, म्हणजे विमान सरकू नये म्हणून लावायचे ठोकळे, लागेपर्यंत बाकी कुणी जवळ जायचं नाही. तिथल्या गोंगाटात, त्यातून कानांवर इअरमफ, इंजिन बंद झालंय का हे ऐकून कळतच नाही.

आणि एफओडी, म्हणजे जमिनीवर पडलेली कुठलीही भलती वस्तू. २००० साली पॅरिसजवळ काँकॉर्ड हे प्रवासी विमान कोसळलं, ११३ माणसं गेली. आधी उडालेल्या विमानातून धावपट्टीवर पडलेली जेमतेम ४३ सेंटिमीटरची धातूची पट्टी टायरखाली आली, टायर फुटला आणि त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला. त्यामुळे बॅगेचं तुटकं चाक दिसलं तरी उचला, पण खिशात नको, थेट एफओडीच्या डब्यात. खिशातलं वाकल्यावर परत खाली पडतं. हेही मी करून बसलोय.