काचेच्या पुलावर पहिलं पाऊल : अनुभव लिहा

चीनमध्ये हुनान प्रांतात झांगजियाजीच्या दरीवर काचेचा पूल बांधला, तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. मग जून २०१६ मध्ये लोकांना बोलावून त्यांच्या हातात चक्क घण दिले. हाणा म्हणाले! वरच्या काचेला तडे गेले, खालचे थर टिकले. माणसं भरलेली गाडीही पुलावरून नेली. असलं काही बघून तुमची भीती जाते का? काचेवर उभे राहिलात तेव्हा काय झालं? तंतरली असेल तरी लिहा.

शांघायकर : आम्ही गेलोय तिथे. पूल सव्वाचारशे मीटरच्या वर लांब, खाली जवळजवळ तीनशे मीटर दरी. घणाचा व्हिडिओ मी आदल्या रात्री तीनदा पाहिला होता, तरी पहिली दहा मिनिटं कठडा सुटला नाही. सासूबाई मात्र मधोमध फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "फोटो काढ, पण दरी दिसली पाहिजे."

काचवाला : मी काच टफन आणि लॅमिनेट करणाऱ्या कारखान्यात आहे. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. मग ती मधोमध चांगला मार खाते, पण कडेला नेमका टोला बसला की भुगा! म्हणून थरांमध्ये प्लास्टिकची फिल्म घालून ते चिकटवतात, तेच लॅमिनेट; फुटलेले दाणे तिला चिकटून राहतात. एक थर गेल्यावर उरलेले थर भार पेलतात की नाही, खरी परीक्षा ती. घणाने तेच दाखवलं, त्याला निव्वळ तमाशा म्हणू नका.
पण कॅमेऱ्यात न येणारी एक चाचणी असते, हीट सोक. काचेत कधी निकेल सल्फाइडचा बारीक कण राहतो आणि काच वर्षांनंतरही आपोआप फुटू शकते. म्हणून ती मुद्दाम काही तास तापवून ठेवायची, फुटायची ती भट्टीतच फुटू दे. माझ्या पहिल्याच रात्रपाळीला एक फुटली. बंद भट्टीत लवंगी माळ लागल्यासारखा आवाज, आणि मी डबा सोडून बाहेर पळालो. दार उघडलं तर तळाशी खडीसाखरेचा ढीग.

लंडनहून : काचवाल्यांना दुजोरा. इथल्या टॉवर ब्रिजवर काचेची फरशी बसवली, आणि त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, बिअरची बाटली पडून तिला तडे गेले. फक्त वरच्या थराला, तो असतोच मार खायला. मी नंतर गेले, तरी नजर तडेच शोधत होती.

घाटपांडे नव्हे, घाटवाट : काच टिकली हो, गर्दीचं काय? झांगजियाजीचा पूल ऑगस्टमध्ये उघडला आणि तेराव्या दिवशी बंद करावा लागला. दिवसाला आठ हजार लोकांचा हिशेब होता, आले त्याच्या कितीतरी पट. घण मारायला माणसं मिळाली, रांग मोजायला नाही.

वैभववाडीचा जावई : सिंधुदुर्गातल्या नापण्याच्या धबधब्यावर आता काचेचा पूल आहे. उंची वगैरे मी विसरलोच, सगळं लक्ष झिजलेल्या चपलेकडे. ओल्या काचेवर बदकासारखा चालत गेलो. मेव्हणा अजून नक्कल करतो.

एक वाचक : कन्याकुमारीला बायको आणि मुली विवेकानंद शिळेवरून काचेच्या पुलाने तमिळ कवी तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत जाऊन आल्या. मी अलीकडच्या टोकाला तिघींच्या पर्सा सांभाळत होतो.