'पाती बसवली' म्हणजे किती बसवली?

ओळंबा
ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपसाठी प्लेनरची (लाकूड रंधायच्या यंत्राची) सूचनापट्टी मराठीत करतोय, मशीनशेजारी भिंतीवर लावायला. एक वाक्य अडलंय: 'पाती बसवली की मागचं टेबल जुळवा.' कटरब्लॉकवर, म्हणजे पाती धरून फिरणाऱ्या रुळावर, पाती तीन, आणि मला तिन्ही म्हणायचंय. पण 'ते पातं, ती पाती' चालतं तसंच 'ती पाती, त्या पात्या'ही चालतं. 'बसवली' दोन्हीकडे एकच. कोणी एकवचन समजला तर एक पातं बसवून टेबलाच्या मागे लागेल. शिवाय 'बसवणे' पुरतं का? खाचेत घालणं, उंची मिळवणं आणि बोल्ट आवळणं, सगळं त्यात कोंबलंय.

सहाण
पातं, नपुंसकलिंगी. गवताची ती पाती, रंध्याचं ते पातं. मूळ शब्द पत्र. करवतही त्याच घरातली, करपत्रावरून आलेली.

कोपरी पूल
'चाकूची पाती' सर्रास ऐकू येतं, त्यांना कोण सांगणार? आणि वर्कशॉपात पातं म्हणतंय कोण! 'ब्लेड' म्हणतात आणि 'ब्लेड बांधणे' म्हणतात, लेथवर जॉब बांधतात तसं. बसवतात तो गणपती.

भुसा
'बांधणे'त आवळणं आलं, उंची नाही आली, आणि चुकतं ते उंचीतच. आधी खाच आणि पातं दाबून धरणारी पाचर रॉकेलने पुसायची. राळेचा कण पात्याखाली राहिला की ते टोक वर बसतं. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिलीमीटर ठेवायचं. पाचरेचे बोल्ट मधल्यापासून दोन्ही कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. पहिल्याच फेरीत एक टोक कच्चून आवळलं तर पाचर सरकते आणि पातं उचललं जातं. तिसरं पातं आवळून झालं की पहिल्याचे बोल्ट पुन्हा बघायचे, ते किंचित ढिले झालेले सापडतात.
म्हणून तीन क्रियापदं लिहा: घालणे, मिळवणे, आवळणे.

गुण्या
त्याच्या आधी धार येते. पट्टीवर 'धार काढून' लिहिलं असेल तर खोडा, धार काढतात ती म्हशीची. 'पाजळणे' हा अस्सल मराठी शब्द आहे. 'रंधायंत्राची पाती पाजळून घ्यावीत' असं लिहा.

कोपरी पूल
अस्सलच हवं असेल तर आधी रंधा बाहेर काढा, तो फारसी रंदा. पाजळणे दिव्याचं, प्रज्वलनावरून आलेलं. हल्ली फक्त अक्कल पाजळतात. विळ्या-कोयत्याला 'पाजवणे' म्हणतात.

गुण्या
शस्त्रंही पाजळतात. आणि फारसी शब्द चारशे वर्षं राबला की तो आपलाच. ब्लेडचं तसं नाही.

कोपरी पूल
म्हणजे ब्लेडने आणखी किती वर्षं थांबायचं?

सहाण
पाजवणे म्हणजे पाणी पाजणे. हत्याराला पाणी देतात ते हेच.

भुसा
नाही. पाणी देणं भट्टीतलं काम, पोलाद तापवून बुडवायचं आणि कडक करायचं. धार लावताना पाणी नुसतं थंडाव्याला. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची 'पायना' तीन प्रकारची सांगितली आहे, क्षारात, पाण्यात आणि तेलात. धार लावण्याला मात्र निराळा शब्द, 'निशान', आणि त्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा. तेव्हाही ही कामं दोनच होती.
ग्राइंडरवर कार्बन स्टीलचं पातं निळं पडलं की 'पाणी उतरलं' म्हणतात, ते बरोबर आहे, तिथे पोलाद नरम झालेलं असतं. हायस्पीड स्टील निळं झालं म्हणून वाया जात नाही, ५०० अंश सेल्सिअसच्या वरही ते बराच कडकपणा धरून असतं. पण तसंच तापलेलं पाण्यात बुडवलं तर धारेला बारीक तडे जातात, आणि सागवानावर ते तडे लगेच बोलतात. फळीवर उभ्या रेघा उमटतात.

सहाण
मग निसणा, धार लावायचा दगड, हा त्या 'निशान'चाच पोर. मिळाला की शब्द!

ओळंबा
पण दगडावरच्या कामाला वेगळं क्रियापद हवंच. पातं ग्राइंडरवरून ३५-४० अंशांच्या उताराने येतं आणि टोकाला केसासारखी बर, म्हणजे धातूची बारीक कोर, उभी असते. ती तशीच ठेवली तर पहिल्या फळीत मोडते आणि धारही घेऊन जाते. बारीक दगडावर पाठ पूर्ण सपाट टेकवून घासायची, उताराकडून दोन हलके हात, परत पाठ, नखाला बर लागेनाशी होईपर्यंत. दोन्हींना 'धार लावणे' लिहिलं तर वाचणारा ग्राइंडरवरच थांबतो.

कोपरी पूल
ग्राइंडरवर 'घासणे', दगडावर 'पाजवणे'. गुण्यांचा मान अर्धा राहतो.

गुण्या
पाजळणे.

भुसा
हेही लिहा: तिन्ही पाती सारखीच घासायची. एकाला खोक पडली म्हणून तेवढंच जास्त घासलं तर त्याचं वजन कमी होतं, ब्लॉक थरथरतो आणि पुढे बेअरिंग जातं.

ओळंबा
लिहितो. पातं-पाती तसंच राहिलं. तूर्त असं केलंय: 'मेन स्विच बंद. तिन्ही पाती खाचेत घाला, उंची मिळवा, आवळा. मग मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी पात्यावर येईल अशी ठेवून ब्लॉक हाताने फिरवा. प्रत्येक पात्याने पट्टी ३ मिलीमीटर पुढे न्यावी, दोन्ही टोकांना आणि मध्ये.'

भुसा
छान. ब्लॉकच्या १०० मिलीमीटर व्यासाला पट्टी ३ मिलीमीटर सरकणं म्हणजे पातं टेबलाच्या जेमतेम ०.०२ मिलीमीटर वर. साडेचार सरकली तर ०.०५. टेबल आणखी खाली राहिलं तर फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो, पात्याच्या वर गेलं तर फळी टेबलाच्या कडेला अडते. फक्त 'मागचं टेबल' बदला.

ओळंबा
का? लाकूड निघतं ते मागचं.

भुसा
मशीनच्या मागचं. फळी ढकलणारा उभा असतो तिथून ते पुढे येतं.