ऑटोपे लावला म्हणजे कोरा चेक दिला का?

कैरीपन्हं: एक अ‍ॅप दोन वर्षं वापरतोय, महिन्याला ऑटोपेने आपोआप १४९ जायचे. काल बघतो तर २४९ कापले! कस्टमर केअर म्हणे आदल्या दिवशी मेसेज गेला होता. अरे पण दिवसाला लोन आणि फ्लॅटचेच एवढे मेसेज येतात, त्यात तो कोण शोधणार. मी १४९ ला हो म्हटलं होतं, २४९ ला कधी म्हटलं?

सदूभाऊ_ठाणे: मेसेज आला होता ना मग? विषय संपला. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं, ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे. त्याच्या आधी तर कापल्यावरच कळायचं. मेसेज वाचायचे नाहीत आणि मग बोंब मारायची.

कैरीपन्हं: दादा, दूधवाला भाव वाढवतो तेव्हा दारात उभं राहून सांगतो, आपण लिटरचं पाऊण लिटर करतो. इथे कोण विचारतंय?

सदूभाऊ_ठाणे: दूधवाला पण विचारत नाही हो, सांगतो फक्त 😄

मीठभाकर: दोघंही मूळ गोष्ट सोडून भांडताय. यूपीआयवर ऑटोपे लावताना ठरावीक रक्कम असते किंवा कमाल मर्यादा असते. तुझ्या मँडेटवर, म्हणजे पैसे कापायची जी परवानगी दिलीस त्यावर, कमाल ५०० वगैरे असणार, आपण १४९ बघून पिन टाकतो आणि खालचं ५०० कोणी वाचत नाही. त्या मर्यादेत असेल तर नवीन परवानगी लागतच नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघड, सगळी लिस्ट दिसेल, तिथूनच बंद पण करता येतं.

कैरीपन्हं: बघितलं. ९९९ पर्यंत 🤦 आणि एक बंद पडलेलं जिमचं पण निघालं.

निवांत_आजी: आमच्याकडे यूट्यूबचा फॅमिली प्लॅन ऑगस्ट २०२४ मध्ये १८९ चा २९९ झाला. मुलगा म्हणाला बंद कर. मी नाही म्हटलं. घरात पाच जण बघतो, माणशी साठ रुपये, कीर्तन ऐकताना मध्येच गुटख्याच्या भावंडाची जाहिरात येत नाही, मला परवडतं. सगळ्याच दरवाढीला लूट म्हणू नये बाई.

मीठभाकर: आजी तुम्ही हिशोब करून ठेवलंत, आम्ही विसरून ठेवतो, फरक तोच. आणि लोकांनी पैसे मोजले नाहीत तर कंपन्या खाली पण येतात. डिसेंबर २०२१ ला अ‍ॅमेझॉन प्राइमचं वर्षाचं ९९९ वरून १४९९ झालं आणि त्याच दिवशी नेटफ्लिक्सने महिन्याचा बेसिक प्लॅन ४९९ चा १९९ केला.

सदूभाऊ_ठाणे: मग बंद केलंस का रे शेवटी?

कैरीपन्हं: जिमचं केलं. अ‍ॅपचं मँडेट पण काढलं, पण पैसे गेलेत तर महिनाभर वापरणार, पूर्ण वसूल.