संशोधकांना खुल्या विज्ञानाकडे कसं वळवावं? (सातारा, बजेट १२ हजार)

माहुलीची_ग्रंथपाल: नमस्कार. साताऱ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मागच्या कार्यशाळेला ६० खुर्च्या मांडल्या, ९ जण आले, त्यातले ४ आमचेच कर्मचारी. निबंध सगळ्यांना वाचता येतील असे ठेवा, डेटा जपा, ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, एवढंच सांगायचं होतं. यंदा १२ हजार रुपये आहेत आणि मी एकटी. ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा.

कृष्णाकाठ: डीस्पेस बसवा, म्हणजे निबंध-डेटा आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर, दुसरा विचार नको. आम्ही सांगलीत सर्व्हर, यूपीएस, स्कॅनर धरून साडेचार लाखांत केलं. बाहेरचे ग्रंथपाल बघायला येतात.

माहुलीची_ग्रंथपाल: दादा, १२ हजार.

कृष्णाकाठ: प्रस्ताव टाका, मिळतात. सर्व्हर आपलाच पाहिजे.

मिरजकर: आपला सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका म्हणजे झालं. २०१९ च्या पुरात आमच्या विभागाचे दोन संगणक गेले, हळदीच्या ११ वर्षांच्या नोंदी गेल्या, वह्यांचा लगदा झाला. आता सगळं झेनोडोवर, निबंध-डेटा ठेवायच्या वेबसाइटवर. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने चालवलेलं आहे, फुकट, एका नोंदीला ५० जीबी, वर डीओआय म्हणजे नोंदीचा कायमचा क्रमांक मिळतो. मॅडम, प्राध्यापकांना ‘खुलं विज्ञान’ सांगू नका. ‘तुमचं काम बुडणार नाही’ एवढं सांगा.

वाईकर_सर: आता सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे १३ हजार जर्नल्स मिळतात. वेगळं खुलं कशाला? आणि ‘ओपन’ म्हणून मी एका जर्नलला साडेसहा हजार भरले, वर्षाने वेबसाइटच गायब. पुन्हा नाव काढणार नाही.

तासगाव_बागायतदार: सर, ती जर्नल्स तुमच्या कॉलेजात मिळतात, माझ्या बागेत नाही. त्यासाठी सरकारने तीन वर्षांना ६ हजार कोटी ठेवलेत, आणि द्राक्षाच्या केवडा रोगावरचा निबंध उघडला की मला पैसे मागतो. प्रयोगाला बाग माझी दिली होती.

पीएचडी_तिसरं_वर्ष: वाईकर सर, डीओएजेमध्ये, म्हणजे खुल्या जर्नल्सच्या यादीत, जर्नल शोधा, लेखकाकडून पैसे न घेणारी वेगळी गाळता येतात. मॅडम, कार्यशाळेला मीही जात नाही. पण साहित्यचौर्याचा रिपोर्ट घ्यायला आणि प्रबंध शोधगंगेवर (देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) टाकायला आम्हाला ग्रंथालयात यावंच लागतं. तेव्हा दहा मिनिटं धरा. माझा ऑर्किड आयडी तसाच निघाला.

निवृत्त_ग्रंथपाल: झेनोडो चांगलं आहे, फुकट आहे. छापलेल्या निबंधाची स्वीकृत प्रत (जर्नलने मान्य केलेला, पण त्यांच्या मांडणीआधीचा मजकूर) टाकण्याआधी प्रकाशकाची परवानगी ओपन पॉलिसी फाइंडर या वेबसाइटवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) बघा. आमच्या वेळी ३२ वर्षांत एकही प्राध्यापक स्वतःहून आला नाही. मीच चहाच्या वेळी विभागात जायचो.

कास_भटक्या: सगळं खुलं करू नका! कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ रानफुलाची नेमकी जागा नेटवर आली की कंद उपटून नेणारे पोचलेच.

मिरजकर: मग डेटा लपवायचा का?

कास_भटक्या: जागा लपवा, फुलण्याच्या तारखा द्या. दोन्ही जमतं.

माहुलीची_ग्रंथपाल: सगळ्यांचे आभार. सर्व्हर घेत नाही, कार्यशाळाही नाही. रिपोर्टच्या वेळी धरायचं पटतं, पण मुलं तेव्हा घाईत आणि घाबरलेली असतात, मला ते नको वाटतं. आमच्या वनस्पतिशास्त्रातल्या एका निवृत्त सरांकडे कासच्या फुलोऱ्याच्या १४ वह्या आहेत. दर बुधवारी त्यांच्या विभागात बसून त्या स्कॅन करणार आणि सरांच्या नावाने झेनोडोवर टाकणार, जागांचे तपशील झाकून. १२ हजार स्कॅनरला. विभागातल्या बाकीच्यांनी ते होताना बघावं.

कृष्णाकाठ: एका माणसासाठी सगळं बजेट? चूक करताय ताई.

माहुलीची_ग्रंथपाल: असेल दादा. पहिली वही आज आणली. पेन्सिलीच्या नोंदी स्कॅनमध्ये फिक्या येतायत, कुणाला सेटिंग माहीत आहे का?