विकत घेतलेली वैरण तपासायची कशी? गायी अर्धी गव्हाणीतच सोडतायत

सिन्नरचा गोठा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गायी आहेत, घरची वैरण ऑक्टोबरच्या पावसात भिजून गेली म्हणून मक्याच्या वैरणीच्या बेलर मशीनने दाबून बांधलेल्या गाठी आणि थोडा ज्वारीचा कडबा विकत घेतला. व्यापारी म्हणाला एक नंबर माल, वरून रंगही हिरवट होता, पण गायी पानं पानं निवडून खातात आणि दांडकी तशीच सोडतात, रोज सकाळी टोपलंभर उरलेलं उचलून उकिरड्यावर टाकतोय. दूध कमी पडलं म्हणून गोळी पेंड गायीमागे ४ किलोवरून ६ किलो केली तर दूध वाढलंच नाही, उलट फॅट ४.० ची ३.४ झाली आणि शेणही पातळ पडतंय. आता अजून एक गाडी घ्यायचीय, ती तपासूनच घ्यावी म्हणतो. चारा लॅबला तपासून मिळतो का, नमुना कसा काढायचा आणि रिपोर्टमध्ये बघायचं काय?

निफाडकर
दादा आधी ती पेंड हळूहळू मागे घ्या, रोज थोडी थोडी. वैरण पोटात जात नाही आणि पेंड जास्त जाते म्हणजे रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आम्ल वाढतं, मग फॅट पडते आणि शेण पातळ होतं, हे सगळं एकच दुखणं आहे.

तपासणीचं म्हणाल तर केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विचारा, नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील, राहुरीच्या कृषी विद्यापीठातही चौकशी करा, आणि एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) गुजरातेत आणंदला काफ नावाची लॅब आहे तिथे पशुखाद्य आणि चारा तपासतात. पण खरं सांगू का, लॅब नंतर, नमुन्यातच सगळं बिघडतं. मी पहिल्या वेळी गंजीच्या वरून मूठभर चारा पिशवीत भरून दिला, रिपोर्ट झकास आला, कारण मुठीत पानंच जास्त आली होती आणि प्रोटीन जास्त करून पानातच असतं. त्या रिपोर्टवर मी पेंड कमी केली आणि गायी खंगल्या, ते अजून मनाला लागतं. म्हणून सांगतो, १५-२० वेगवेगळ्या गाठी घ्या, वरच्या, खालच्या, मधल्या, आणि प्रत्येकीच्या पोटातून चारा काढा. माझ्याकडे दीड फुटाचा लोखंडी पाईप आहे, टोकाला दाते पाडलेत, तो ड्रिल मशीनला लावून गाठीत घालतो की पान, दांडा, धूळ सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. कडबा असेल तर गंजीतून ठिकठिकाणच्या १० पेंढ्या ओढा आणि अख्ख्या कुट्टी मशीनमधून काढा. मग ताडपत्रीवर ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा, परत मिसळा, असं करत अर्धा किलो उरेल तो प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा. पिशवीवर तारीख आणि कुठल्या गाडीचा माल ते लिहा.

दिंडोरीची ताई
भाऊ रिपोर्ट आला की पहिलं बघा आकडे ड्राय मॅटरवर, म्हणजे पाणी सोडून उरलेल्या कोरड्या भागावर, दिलेत का. मुरघासात कोरडा भाग ३०-३५ टक्केच असतो आणि कडब्यात ९० च्या आसपास, त्यामुळे ओल्या वजनावरचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. क्रूड प्रोटीन कडब्यात ३-४ टक्के, कणसं काढलेल्या मक्यात ४-५ च्या आसपास, चांगल्या वाळवलेल्या लसूणघासात १८-२०. मी मात्र एनडीएफ, म्हणजे चाऱ्यातल्या हळू पचणाऱ्या तंतूंचे टक्के, आधी बघते, कारण गाय किती खाईल ते त्यावर ठरतं. १२० ला एनडीएफने भागायचं, वजनाच्या तेवढे टक्के कोरडा चारा गाय खाते असा अंदाज. ४०० किलोची गाय, एनडीएफ ६० असेल तर ८ किलो, आणि ७५ असेल तर ६.४ किलोवर तिचं पोट भरलं. तुमच्या गायी दांडकी सोडतायत त्याचं कारण इथेच सापडेल असं मला वाटतं, तो मका फार जून झालेला असणार.

इगतपुरीहून
ताईंचं बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी जोडतो. ॲश म्हणजे राख, ती मक्यात किंवा कडब्यात १० टक्क्यांच्या बरीच वर गेली तर माती आलीये समजा. आमच्याकडच्या भाताच्या पेंढ्याला हा नियम लावू नका, त्यात सिलिकाच एवढी असते की राख मुळातच जास्त येते. दुसरं, लॅबमध्ये नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रोटीन म्हणतात. आम्ही १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतो आणि २१ दिवस हवाबंद झाकून ठेवतो, तो पेंढा ७-८ टक्के दाखवतो पण त्यातला बराचसा आकडा युरियाचाच असतो. गाईला तो उपयोगी पडतो, पण प्रक्रिया केलेला माल कोणी जादा भावाने विकत असेल तर विचारून घ्या. घालायच्या आधी तासभर पसरून वास जाऊ द्या, आणि ६ महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नको.

सिन्नरचा गोठा
सगळ्यांचे खूप आभार. आज संध्याकाळी सहा गाठी सोडल्या. बाहेरून हिरवट, पण दोन गाठींच्या पोटात हात घातला तर कोमट लागलं, आत काळपट थर आणि झटकलं की पांढरी धूळ उडाली, नाकात कुबट वास बसला. ह्या वाळवून घालता येतील का?

दिंडोरीची ताई
नाही भाऊ, त्या दोन्ही टाकून द्या, गाभण गाय आणि कालवडींपासून तर लांबच ठेवा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं, एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) दुधासाठीची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच आहे, आणि प्रोटीनच्या साध्या रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, त्याची टेस्ट वेगळी सांगावी लागते. उरलेल्या गाठींची ओल घरीच मोजा. १०० ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये, सोबत अर्धा ग्लास पाणी ठेवा म्हणजे पेट घेणार नाही, दोन मिनिटं फिरवा, वजन करा, मग परत अर्धा अर्धा मिनिट, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ८५ ग्रॅमच्या खाली आलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, तो माल गंजीत रचू नका.

सिन्नरचा गोठा
मोजलं ताई. तीन गाठींचे ८८, ८७, ८१. ८१ वाली बाजूला काढली आणि अंगणात सोडून पसरलीये. पाईपला दाते पाडायला वेल्डिंगवाल्याकडे दिलाय, व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की आधी १५ गाठींतून नमुना काढू द्या, रिपोर्ट आला की गाडी भरू. तो हो म्हणालाय.