दिवसभर अभ्यासाला बसते, वाचताना सगळं कळतं, पण पेपरात आठवत नाही. नक्की चुकतंय कुठे?

कोरी_पाटी

सेकंड इयरला आहे, मेन विषय स्टॅटिस्टिक्स आणि जोडीला बायोलॉजी. मी अभ्यास करत नाही असं अजिबात नाहीये, उलट रूममेट म्हणते किती बसतेस, जरा ऊठ. सकाळी लेक्चर, मग लायब्ररी, रात्री परत पुस्तक. नोट्स नीट आहेत, तीन रंगांचे हायलायटर आहेत, वाचताना सगळं कळतं, पान उलटायच्या आधीच पुढे काय येणार ते माहीत असतं. आणि पेपर हातात आला की प्रश्न ओळखीचा वाटतो, उत्तर कुठल्या पानावर होतं तेही डोळ्यासमोर येतं, डावीकडे खाली, पिवळ्या रंगात, पण तिथे लिहिलं काय होतं ते काही केल्या येत नाही. बाहेर येऊन पुस्तक उघडलं की अरे हेच तर होतं, आणि मग चिडचिड.

शाळेत हे कधी झालं नव्हतं. तेव्हा आदल्या दिवशी वाचलं तरी भागायचं. इथे आजूबाजूचे सगळेच हुशार, त्यामुळे आता असं वाटायला लागलंय की आपली कुवतच इथपर्यंत होती. परिणाम असा की हल्ली बसायचंच टाळते, टेबल आवरते, टाइमटेबल परत आखते, नवीन अ‍ॅप डाउनलोड करते, आणि रात्री उशिरा घाबरून पुस्तक उघडते.

पहाटे उठा, मोबाईल फेकून द्या, मोठी स्वप्नं बघा वाले व्हिडिओ बघून झालेत. 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही सांगा.

आकडेमोड

कुवतीचं नंतर बघू. तुझ्या पहिल्याच परिच्छेदात उत्तर आहे, 'पान उलटायच्या आधीच माहीत असतं'. ती ओळख आहे गं, आठवण नाही. समोर छापलेलं दिसतंय म्हणून डोकं म्हणतं हे माहितीये, पण पेपरात छापलेलं काहीच नसतं, तिथे रिकाम्या पानावर स्वतः काढायचं असतं, आणि ते काढायची सवय तू एकदाही केलेली नाहीस. चेहरा पाठ आणि नाव आठवत नाही, तसलाच प्रकार.

यावर भरपूर काम झालंय. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग बघ. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा अभ्यासून मग फक्त आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर उलटं, आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ६१ टक्के आठवलं आणि वाचणाऱ्यांना ४० टक्के. मजा म्हणजे आपल्याला आठवड्याने जास्त आठवेल याची खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. म्हणजे जे करताना सोपं जातं ते टिकत नाही, आणि जे करताना डोकं दुखतं ते टिकतं, आणि आपण सगळे सोपं जाणारंच निवडतो.

हायलायटरवाल्यांसाठी वाईट बातमी, २०१३ मध्ये डनलॉस्की आणि मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला होता, त्यात अधोरेखन आणि पुन्हा वाचणं दोन्ही तळात. वरच्या दोन म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अंतराने वाटून करणं. रंगांवर माझा वैयक्तिक राग नाही, पण रंगवताना काम झाल्यासारखं वाटतं तोच घोटाळा आहे.

करायचं कसं ते तुझ्याच विषयातलं सांगतो. हायपोथेसिस टेस्टिंगचं प्रकरण वाचलंस, पुस्तक बंद कर, कोरा कागद घे, लिही: पी-व्हॅल्यू म्हणजे काय. नोट्स न बघता, एका वाक्यात. दहातली बरीच मुलं लिहितील 'नल हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता' (नल हायपोथेसिस म्हणजे 'खरा फरक काहीच नाही' हे गृहीतक). आता पुस्तक उघड. तिथे आहे, नल हायपोथेसिस खरी धरली तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. दोन्ही वाक्यं वाचताना सारखीच वाटतात, म्हणून पन्नास वेळा वाचलं तरी फरक टोचत नाही. स्वतःचं चुकीचं वाक्य कागदावर शेजारी दिसलं की टोचतो. मग ते लाल पेनाने सुधार, दोन दिवसांनी परत कोऱ्या कागदावर लिही. बस एवढंच आहे, यात अ‍ॅप लागत नाही.

रातकिडा

वरचं बरोबर आहे पण जरा थांबा. ज्याला टॉपिकच कळला नाहीये त्याने कोरा कागद घेऊन काय करायचं, नुसतं बघत बसायचं? मला फिजिक्सला हे झालंय, डेरिव्हेशन डोक्यात शिरलेलंच नव्हतं आणि मी आठवायला बसलो, मग काय आठवणार. आधी समजून घ्यायला वाचावंच लागतं, सोडवलेली दोनतीन उदाहरणं ओळीओळीने बघावी लागतात, ही पायरी का आली ते स्वतःला विचारत. त्यानंतर कोरा कागद. नाहीतर नवीन मुलं हे वाचून पुस्तकच बंद ठेवतील आणि म्हणतील आम्ही रिसर्चप्रमाणे चाललोय 😄

बाकी मी रात्रीचाच प्राणी आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागूनच माझं भागतं. सकाळी उठणाऱ्यांचं कौतुक आहे पण ते सगळ्यांना लागू नाही.

आकडेमोड

@रातकिडा, समजून घ्यायचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य.

जागण्याचा नाही. रात्री अभ्यास करणं वेगळं आणि झोप खाणं वेगळं. रात्री दोनला झोपून दहाला उठत असशील तर माझं काही म्हणणं नाही. पण दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेत होतं, ती झोपच कापली तर केलेल्या कामाचाच पगार कापला. आपल्या वयाला, म्हणजे १८ ते २५ ला, ७ ते ९ तास सांगतात. आणि जागायला कॅफीन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास जातात, माणसामाणसात फरक असतो, पण संध्याकाळी सातला घेतलेल्यातलं अर्धं रात्री बाराला अंगात असू शकतं, आणि मग म्हणायचं झोपच येत नाही तर वाचतोच.

खडू_फळा

मी शिकवतो, वयाने बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

उत्तरपत्रिका तपासताना तुझ्यासारखी मुलं लगेच कळतात. व्याख्या पुस्तकातल्या स्वल्पविरामासकट येते, आणि पुढचाच प्रश्न जरा फिरवून विचारला की कोरा. त्यामागे बुद्धी कमी असणं क्वचितच असतं. शाळेत धडा छोटा आणि परीक्षा लगेच, त्यामुळे आदल्या दिवशी वाचलेलं पुरतं. युनिव्हर्सिटीत सेमिस्टरभराचा ढीग एकदम विचारतात, तिथे तीच पद्धत तोकडी पडते. पद्धत जुनी राहिली, परीक्षा बदलली, आणि दोष तू स्वतःच्या डोक्याला देते आहेस.

विसरण्याबद्दल एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच लिहून ठेवलंय, निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून स्वतःवरच मोजमाप केलं त्याने. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. त्यामुळे आज शिकवलेलं उद्या एकदा, मग तीनचार दिवसांनी, मग दहाबारा दिवसांनी आठवून बघितलं तर प्रत्येक वेळी थोडंच लागतं. हे आकडे काही देववाणी नाहीत, तुझ्या वेळापत्रकात बसतील तसे घे. मुख्य म्हणजे थोडं विसरू दे, मग आठव. विसरायच्या आधीच परत वाचलंस तर कष्ट पडत नाहीत आणि फायदाही फारसा होत नाही.

गणिती विषयात अजून एक. मुलं एका प्रकारची वीस गणितं सलग सोडवतात. पहिली दोन सोडवताना विचार होतो, उरलेली अठरा हात आपोआप सोडवतो. पेपरात खरा प्रश्न असतो की इथे कुठली चाचणी लावायची, टी-टेस्ट की काय-स्क्वेअर (χ²), आणि ते ठरवायचा सराव झालेलाच नसतो कारण धड्याच्या नावातच उत्तर असतं. तीन धड्यांतली गणितं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पिसून घे. वेग कमी होईल, चुका वाढतील, वैताग येईल. येऊ दे.

माइंडसेटवरही बोलतोच, कारण हल्ली त्याचं फार पेव फुटलंय. बुद्धी वाढवता येते असं मानणारा विद्यार्थी अपयशानंतर टिकून राहतो, ही मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांची मांडणी, ती मलाही पटते. पण पुढे मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा नुसता तो विचार शिकवून मार्कांत पडणारा फरक लहानच निघाला, त्यातल्या त्यात मागे पडलेल्या मुलांना थोडा जास्त. म्हणून आरशासमोर 'मी करू शकते' म्हणण्यापेक्षा काल न आलेली गोष्ट आज कागदावर उतरली हे डोळ्यांनी बघ. आत्मविश्वास त्यातून आपसूक येतो, उलट्या दिशेने येताना मी तरी फारसा पाहिला नाही.

कोरी_पाटी

सगळ्यांना थँक्यू, खरंच. करून बघितलं. बायोलॉजीतलं नेफ्रॉन घेतलं, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी, जे मला 'पक्कं' येत होतं. कागदावर ग्लोमेरुलस, बोमन्स कॅप्सूल, पुढची नळी, हेन्लेचा लूप एवढं आलं आणि लूपच्या उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं की मीठ इथेच गाडी अडकली. आकृती डोळ्यासमोर होती, बाण कुठल्या दिशेला होते तेच नाही. सगळं मिळून अर्धं पानसुद्धा भरलं नाही. रडूच येणार होतं.

हे नॉर्मल आहे का? आणि टाळाटाळीचं कोणीच बोललं नाही, माझा खरा प्रॉब्लेम आता तोच वाटतोय. कारण आधी निदान वाचत बसायला बरं वाटायचं, हे करायला बसायचीच भीती वाटते.

आकडेमोड

उतरत्या भागातून पाणी, चढत्यातून मीठ 🙂 आणि आता हे तू विसरणार नाहीस, पैज.

अर्धं पान एकदम नॉर्मल. माझं पहिल्यांदा चार ओळी झालं होतं. ते अर्धं पान म्हणजे निकाल नाही, पुढे काय वाचायचं त्याची यादी आहे. आधी तू चाळीस पानं सारखीच वाचत होतीस, आता तुला माहितीये की बाण वाचायचेत.

सावकाश_बाई

टाळाटाळीवर मी बोलते, त्या खात्यातली जुनी मेंबर आहे.

पहिलं म्हणजे याला आळस म्हणणं बंद कर. आळशी माणूस पडून राहतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तू टेबल आवरतेस, टाइमटेबल आखतेस, म्हणजे काम करतेसच, फक्त ज्या कामाने पोटात गोळा येतो तेवढं सोडून. टाळाटाळीवर अभ्यास करणारे सिरॉइस आणि पिचिल वगैरे लोक हेच म्हणतात की हा वेळेच्या नियोजनाचा कमी आणि भावना सांभाळण्याचा प्रश्न जास्त आहे. पुस्तक उघडलं की 'मला येत नाही' समोर येतं, नाही उघडलं की तात्पुरतं बरं वाटतं. म्हणून चौथं टाइमटेबल आखूनही उपयोग होत नाही.

दुसरं, झालेल्या टाळाटाळीबद्दल स्वतःला झोडपत बसू नकोस. हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाहीये, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर अभ्यास झाला होता, पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. झोडपलं की त्या विषयाला अजून एक वाईट भावना चिकटते, मग अजून टाळायला कारण.

तिसरं, बसायचं ठरवताना 'उद्या स्टॅट्स करायचं' असं ठरवू नकोस, ते कधीच होत नाही. 'लेक्चर संपलं की लायब्ररीत त्याच खुर्चीत बसून आजच्या लेक्चरमधलं आठवेल ते पाच ओळीत लिहायचं' असं ठरव. कधी, कुठे, नेमकं काय. पाच ओळी झाल्या की उठायची परवानगी दे, खरीखुरी परवानगी, बहुतेक वेळा उठणार नाहीस पण उठलीस तरी चालेल. फोन दुसऱ्या खोलीत किंवा निदान बॅगेत तळाशी, इच्छाशक्तीच्या भरवशावर समोर ठेवू नकोस, ती फोन बनवणाऱ्यांनी आधीच हिशोबात धरलेली असते. पंचवीस मिनिटांचा टायमर लावणारे खूप आहेत, मला तो वाजला की राग येतो, तुला जमत असेल तर लाव.

आणि एक गंभीर. नुसती परीक्षेची भीती असेल तर वरचं पुरेल. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही असं असेल तर ते अभ्यासाच्या पद्धतीने सुटणारं नाही, युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे जा किंवा डॉक्टरांकडे. तिथे जायला 'पुरेसं वाईट' व्हायची वाट बघायची नसते.

कोरी_पाटी

नाही, तेवढं नाहीये, झोप लागते, खातेही नीट. 'पोटात गोळा' मात्र अगदी बरोब्बर ओळखलंत.

एक शेवटचं विचारते, रूममेटचाही स्टॅट्स आहे, दोघींनी मिळून केलं तर? आधी केलं होतं तेव्हा गप्पाच जास्त झाल्या.

रातकिडा

एकत्र *वाचायला* बसलात की गप्पाच होणार, कारण वाचनात दुसऱ्या माणसाला कामच नाहीये. एकमेकींना प्रश्न विचारा. तू नोट्स धर, ती तोंडी समजावेल, अडकली की लगेच सांगायचं नाही, थोडा वेळ कळ काढायची. मग उलट. आम्ही तिघं असं करायचो आणि सगळ्यात जास्त फायदा विचारणाऱ्याचाच व्हायचा, कारण समोरच्याचं बरोबर आहे का ते ठरवायला स्वतःला यावं लागतं.

खडू_फळा

आणि दोघीही अडकलात तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून सरांकडे किंवा मॅडमकडे घेऊन जा. 'मला हा चॅप्टरच कळला नाही' म्हणून येणाऱ्याला काय सांगावं आम्हालाही कळत नाही. 'इथपर्यंत आलं, ही ओळ का आली ते कळेना' म्हणून आलीस तर दहा मिनिटांत मोकळी होशील. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र येऊ नकोस, तेव्हा दाराबाहेर रांग असते.

कोरी_पाटी

पी-व्हॅल्यूपासूनच सुरुवात करतोय आज. रूममेटने आत्ताच छातीठोकपणे चुकीचं सांगितलंय 😂